हिरवा चौकोन नसलेलं कोडं

मांजरसुंबा फाट्यावर बसची वाट बघणं ही एक वेगळीच साधना आहे. इथून एक रस्ता बीडला जातो, एक केजमार्गे अंबाजोगाईला, एक पाटोद्याकडे आणि एक चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूरला. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक बसकडे आशेने बघायचं आणि पाटी वाचून पुन्हा खाली बसायचं. तुम्ही बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात असाल तर हा अनुभव तुम्हाला सांगायला नको.

अशाच एका संध्याकाळी चहाच्या टपरीसमोर बसून मी रोजचा शब्द ओळखायचा गेम खेळत होते. पाच चौकोन, सहा संधी. अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवा, शब्दात असूनही जागा चुकली असेल तर पिवळा आणि नसेलच तर राखाडी. दुसऱ्याच प्रयत्नात माझे शेवटचे चार चौकोन हिरवे झाले. आय, जी, एच, टी. मी मनातल्या मनात नाचले. मग लाईट टाकला, चुकला. नाईट, चुकला. फाईट, चुकला. माईट, तोही चुकला. सहा संधी संपल्या आणि उत्तर निघालं टाईट! माझी ८३ दिवसांची स्ट्रीक मांजरसुंबा फाट्यावर धारातीर्थी पडली.

तुमच्याबरोबरही हे झालं असेल. चार अक्षरं हातात असतात, एकच हवं असतं आणि तरी हरतो. चूक कुठे होते, माहितीये? आपण उत्तर शोधत बसतो, माहिती गोळा करत नाही. त्या वेळी मी सरळ फ्लेम हा शब्द टाकायला हवा होता. तो उत्तर नाही हे माहीत असूनही. कारण त्या एका शब्दात एफ, एल आणि एम ही तिन्ही अक्षरं तपासून झाली असती आणि उरलेल्या संधी मोकळ्या राहिल्या असत्या. एक चाल मुद्दाम वाया घालवायची आणि तीन शक्यता एकदम उडवायच्या.

ही युक्ती मला कुणा गेमरने नाही शिकवली. ती लक्षात आली एका इतिहासकाराबद्दल वाचताना. ज्या रस्त्यावर मी बसले होते तोच रस्ता पुढे बीड, गेवराई, छत्रपती संभाजीनगर, चाळीसगाव करत धुळ्याला पोचतो. त्या धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी एक माणूस वारला, ज्याने जवळजवळ सगळं आयुष्य शब्द आणि तारखा ओळखण्यात घालवलं. फरक एवढाच की त्याच्या कोड्यात हिरवे चौकोन नव्हते. बरोबर आलं की चूक, हे सांगायला कुणीच नव्हतं.

त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. इतिहासाचार्य राजवाडे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तुम्ही त्यांना एका ओळीत भेटला असाल : भारत इतिहास संशोधक मंडळाचे संस्थापक, पुणे, १९१०. ती ओळ पाठ करून आपण पुढे जातो. आज जरा थांबू या.

वर्गात न रमलेला मुलगा

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. वडील लहानपणीच गेले, नातेवाइकांच्या आधाराने वाढले, पुण्यात शिकले. १८८२ मध्ये मॅट्रिक झाले. त्यानंतर बी. ए. पदरात पडायला त्यांना जवळजवळ आठ वर्षं लागली. आजच्या भाषेत इयर डाऊन, आणि तेही एकदा नाही. पैशाची अडचण होतीच, पण दुसरं कारण असं की डेक्कन कॉलेजात त्यांचा जीव वर्गापेक्षा ग्रंथालयात जास्त रमायचा. नेमलेली पुस्तकं सोडून बाकी सगळं वाचायचं, असा एकंदर खाक्या. अंगापिंडाने दणकट, व्यायामाचा नाद, आणि आपल्याला काय हवं याबद्दल कमालीचे हट्टी.

थोडे दिवस त्यांनी शाळेत शिकवलं. मग भाषांतर नावाचं मासिक काढलं. जगातले मोठे ग्रंथ मराठीत आले पाहिजेत म्हणून. प्लेटोच्या रिपब्लिकचं भाषांतर त्यांनी स्वतः केलं. इंग्रजी उत्तम येत असून आपलं लेखन मराठीतच करायचं हा त्यांचा नेम होता. त्याची किंमत त्यांनी मोजली. ज्या काळात इंग्रजीत लिहिलं की नाव आणि पगार दोन्ही मिळायचं, त्या काळात हा माणूस मराठीत लिहून फाटका राहिला.

लग्न झालं होतं, पण काही वर्षांतच पत्नी वारली. राजवाड्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. तिशीच्या आसपासचा हा माणूस एकटा पडला, आणि नेमका याच काळात त्याच्या हाती जुनी कागदपत्रं लागली. वाईच्या बाजूला मराठेशाहीतल्या पत्रांचा मोठा साठा सापडला. त्यातून १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड निघाला. पानिपतच्या आधीच्या धामधुमीतली पत्रं आणि त्यांना राजवाड्यांची लांबलचक प्रस्तावना. पुढे त्यांनी एकूण २२ खंड काढले. बावीस! आपण एक असाइनमेंट सबमिट करताना चार वेळा मुदतवाढ मागतो.

मोडी : जागा न सोडता लिहिलेला मेसेज

ही पत्रं मोडीत होती. मोडी म्हणजे मराठीची झरझर लिहायची लिपी. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. आता हे वाचा : आजीवनवास. कुणी याला आजीवन वास म्हणेल, कुणी आजी वनवास. एकात माणूस जन्मभर एका जागी राहिला आणि दुसऱ्यात बिचारी आजी रानात गेली. कागदभर हेच.

त्यात मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा करत नाहीत. म्हणजे दिन आणि दीन सारखेच दिसणार. दिवस की गरीब, ते मागच्या-पुढच्या मजकुरावरून ठरवायचं. सुत म्हणजे मुलगा की सूत म्हणजे धागा, हेही तसंच. वर घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचं अक्षर, नेहमीच्या शब्दांची तोडकी रूपं, फारसीतून आलेले दरबारी शब्द, वाळवीने पाडलेली भोकं. रोजच्या गेममध्ये पाच अक्षरं ओळखताना आपल्याला घाम फुटतो. इथे एकेका पत्रात शेकडो अक्षरं, आणि शब्द कुठे सुरू होतो तेच माहीत नाही.

मग वाचायचं कसं? जे पक्कं आहे तिथून सुरुवात करायची. पत्राचा मायना ठरलेला असतो, शेवटचे शब्द ठरलेले असतात. माणसांची आणि गावांची नावं पुन्हा पुन्हा येतात. त्यावरून त्या लेखकाचा क कसा, र कसा, हे कळतं. ती अक्षरं मधल्या अवघड शब्दांत बसवून बघायची. म्हणजे आपण गेम सुरू करताना सगळ्यात जास्त वापरली जाणारी अक्षरं असलेला शब्द टाकतो ना, तसंच. आधी सोपं पकडायचं, मग त्याच्या आधाराने अवघडाकडे जायचं.

तारीख ओळखा

खरी गंमत तारखांची आहे. मराठेशाहीच्या कागदांत वर्ष कधी कधी अरबी अंकशब्दांत लिहिलेलं असतं. सबा खमसैन मया अलफ असं काहीतरी दिसतं. सबा म्हणजे सात, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. बेरीज करा : ११५७. हे झालं सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७५६. हे वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगापासून मृगापर्यंत चालायचं, म्हणून पुढच्या वर्षाचे काही महिनेही त्यात येतात. आणि तारखेच्या आधी एकटा छ लिहिलेला दिसला तर घाबरू नका, तो चंद्र, म्हणजे चांद्र महिन्याचा दिवस.

पण ही झाली सुखाची पत्रं. कितीतरी पत्रांवर वर्षच नसतं. आपण मित्राला मेसेज करताना कुठे वर्ष लिहितो? तसंच त्यांचं. मिती आणि वार लिहिला की झालं. दीडशे वर्षांनी कुणी राजवाडे नावाचा माणूस हे वाचत बसणार, हे त्यांना काय माहीत!

अशा वेळी काम चालतं ते शक्यता खोडून. समजा एका पत्रात सदाशिवरावभाऊ हयात आहेत असा उल्लेख आहे. भाऊ १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले, म्हणजे पत्र बहुधा त्याच्या आधीचं. बहुधा अशासाठी की भाऊ जिवंत असल्याच्या वावड्या नंतरही उठत होत्या. एखाद्याची बदली, एखाद्या किल्ल्याचा ताबा, कुणाचं लग्न, प्रत्येक उल्लेखाने काही वर्षं बाद होतात. उरलेल्या दहा-बारा वर्षांत त्या मितीला तोच वार कधी येतो हे पंचांग मांडून बघायचं. सहसा एक-दोनच वर्षं उरतात. राखाडी चौकोनांची किंमत इथे कळते. आपल्याला राखाडी दिसला की वैताग येतो. इतिहासकाराला एक शक्यता कायमची मेली याचा आनंद होतो.

आणि एक वर्ष चुकलं तर काय बिघडलं? खूप बिघडतं. पत्र लढाईच्या आधीचं की नंतरचं, यावरून एखादा सरदार शहाणा ठरतो किंवा दगाबाज. राजवाड्यांच्या आधी मराठ्यांचा इतिहास बराचसा बखरींवर आणि इंग्रजांनी लिहिलेल्या पुस्तकांवर चालला होता. बखर बहुतेकदा घटनेनंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेली. राजवाड्यांचं म्हणणं सरळ होतं. त्याच वेळी, त्याच माणसाने लिहिलेला कागद दाखवा, मग बोलू. आपल्या भाषेत, आधी स्क्रीनशॉट दाखव.

पोटमाळ्यावरचा शत्रू

हे कागद आयते मिळत नव्हते. राजवाडे गावोगाव फिरले. जुने वाडे, मठ, देवळं, देशपांडे-कुलकर्ण्यांच्या पडक्या ओसऱ्या. महाराष्ट्रभर आणि पार तंजावरपर्यंत. बरेचदा पायी, सामान अगदी मोजकं, जेवण स्वतः रांधायचं. एखाद्या घरात कागद आहेत असं कळलं की तिथे जाऊन विनवण्या करायच्या.

आणि घरचे लोक कागद दाखवायचे नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. त्या दफ्तरात जमिनीचे, वतनाचे, इनामाचे कागद. कुणी अनोळखी माणूस येऊन ते मागतो म्हणजे काहीतरी डाव असणार. मग नाही म्हणायचं. आणि तेच कागद पोटमाळ्यावर वाळवी खायची, उंदीर कुरतडायचे, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जायचे. राजवाड्यांचा सगळ्यात मोठा वैताग हा होता. कोडं अवघड आहे याचं त्यांना काही वाटत नव्हतं. कोड्याचा कागदच दुकानात पुडी बांधायला गेला, तर ओळखणार काय?

म्हणून ७ जुलै १९१० रोजी त्यांनी पुण्यात खंडेराव मेहेंदळे यांच्याबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. एकट्याच्या पाठीवर मावणारं हे काम नव्हतं. कागद ठेवायला जागा हवी, वाचणारे हात हवेत, आणि एकाचा अंदाज तपासायला दुसरा डोका लावणारा हवा. मंडळ आजही पुण्यात सदाशिव पेठेत आहे. पुण्यात शिकायला गेला असाल तर एकदा जाऊन या.

बीडच्या पाटांगणातली पोथी

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मांजरसुंब्याहून घाट उतरून गेलं की अर्ध्या तासात बीड. बीडमधलं पाटांगण तुम्हाला माहीत असेल. तिथे राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी हस्तलिखित प्रत मिळाली. त्या प्रतीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्यातल्या मराठीचं व्याकरणही लिहिलं.

यात शब्द ओळखण्याचा काय संबंध? सांगते. छापखाने नव्हते तेव्हा पोथी हाताने उतरवून घ्यायचे. उतरवणारा माणूस शब्द कळला नाही की नकळत ओळखीचा शब्द घालायचा. फोनचं ऑटोकरेक्ट करतं ना, अगदी तसं. शंभर-दोनशे वर्षं असं चाललं की मूळ शब्द हरवतो. संत एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली ती याच गोंधळाला वैतागून. राजवाड्यांना वाटलं की बीडची प्रत एकनाथांच्याही आधीची आहे, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या बोलीच्या जास्त जवळची.

दोन प्रतींत दोन वेगळे शब्द असतील तर मूळ कुठला, हे ठरवायचा एक जुना ठोकताळा आहे. जो शब्द अवघड, विचित्र, न कळणारा, तो बहुधा जुना. कारण अवघडाचं सोपं करणारे पुष्कळ, सोप्याचं अवघड मुद्दाम कोण करील? रोजच्या गेमलाही हे लागू पडतं. पहिल्यांदा डोक्यात येणारा सोपा शब्द उत्तर असेलच असं नाही.

अक्षरंच बदललेली असतील तर?

यापेक्षा अवघड लेव्हल होती महानुभावांच्या पोथ्यांची. चक्रधर स्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्रात गोळा केल्या. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. पण पंथाने आपले ग्रंथ पुढे सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यातली प्रसिद्ध. दिसायला देवनागरीसारखी, पण एका अक्षराच्या जागी दुसरंच. बाहेरच्या माणसाने पान उघडलं तर अर्थ शून्य. शेकडो वर्षं हे साहित्य पंथाबाहेरच्यांसाठी कुलूपबंद राहिलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कुलूप उघडणाऱ्यांत दोन नावं घेतली जातात. एक राजवाडे, दुसरे ठाण्याचे वि. ल. भावे, महाराष्ट्र सारस्वत लिहिणारे. योगायोग असा की दोघंही १९२६ मध्येच वारले.

बदललेल्या अक्षरांची लिपी फोडायची कशी, हे तुम्ही स्वतः करून बघू शकता. मित्राला सांगा एक परिच्छेद अक्षरं बदलून लिहून दे. मग मोजा, कुठलं चिन्ह सगळ्यात जास्त वेळा येतं. मराठीत काही अक्षरं सतत येतात, काही क्वचित. ढ वाट बघूनही सापडत नाही. लहान शब्द पकडा. दोन अक्षरी, पुन्हा पुन्हा येणारा शब्द आहे आणि नंतरचंच वाक्य पूर्ण होतंय, तर तो आहे असू शकतो. एक शब्द फुटला की त्यातली अक्षरं दुसऱ्या शब्दात बसवायची. बसली तर पुढे, नाही तर सगळं खोडून परत पहिल्यापासून. पहिला शब्द फुटायला आठवडा लागेल, पुढचं पान एका संध्याकाळी होईल.

ही किल्ली सापडली आणि मराठीचं वयच बदललं. आपली भाषा गद्यात कशी बोलायची, घरात, रस्त्यात, भांडताना, जेवताना, याचा तेराव्या शतकातला पुरावा सगळ्यांसमोर आला. एका ओळखलेल्या अक्षरामागे एवढं सगळं दडलेलं होतं.

अंदाज चुकतो तेव्हा

आता मी राजवाड्यांची पूजा मांडून थांबले तर ते त्यांनाच आवडलं नसतं. राजवाडेही चुकले. आणि भरपूर चुकले.

शब्दांची मुळं शोधायचा त्यांना भारी नाद. मराठी धातूंचा कोश आणि नामांच्या व्युत्पत्तीचा कोश ही त्यांची प्रचंड मेहनत त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. गावांच्या नावांवरून तिथे कोण कधी वसलं असेल हेही ते सांगायचे. पण त्यातल्या कितीतरी व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी मान्य केल्या नाहीत. बीडच्या ज्ञानेश्वरीची प्रत त्यांना वाटली तितकी जुनी आहे का, यावरही नंतर प्रश्न उभे राहिले.

असं का झालं असेल? माझ्या मते कारण तेच, जे फाट्यावर माझ्या बाबतीत घडलं. चार हिरवे चौकोन दिसले की आपण पाचव्याच्या प्रेमात पडतो. अंदाज इतका सुंदर असतो की तो तपासावासा वाटत नाही. राजवाडे जिथे कागद हातात धरून बोलले, तिथे आजही त्यांच्या शब्दाला वजन आहे. जिथे कागद नव्हता आणि नुसती कल्पना धावली, तिथे ते घसरले. स्वभाव तापट, त्यामुळे चूक दाखवणाऱ्याचं ऐकणंही अवघड. स्वतः स्थापलेल्या मंडळाशीही त्यांचे मतभेद झाले आणि ते बाजूला झाले. शेवटची वर्षं धुळ्यात, कागदांच्या ढिगात, लिहीत गेली.

सुंदर अंदाज कसा फसवतो, याचं उदाहरण बघायला लांब जायला नको. आपलं मांजरसुंबा घ्या. नाव कशावरून आलं? पहिला अंदाज, मांजर आणि सुंभ. मांजर आणि दोरी! हसू येतं, पण गाव असं नाव ठेवत नाही. दुसरा अंदाज जास्त शहाणा वाटतो. मांजरा नदी इथल्याच बालाघाटाच्या डोंगरात, पाटोद्याकडे उगम पावते, मग मांजरसुंबा त्याच नदीवरून. वा! चार चौकोन हिरवे. पण जरा थांबा. अहिल्यानगर जवळ डोंगरगणच्या बाजूला आणखी एक मांजरसुंबा आहे, तिथे गडही आहे. आणि तिथून मांजरा नदी वाहत नाही. झाला ना घोटाळा? ज्या अंदाजाने एक गाव सुटतं आणि दुसरं अडतं, तो अंदाज पिवळा. त्याला हिरवा म्हणायची घाई करायची नाही.

आपल्या पेटीत काय आहे?

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं, आपल्याला काय त्याचं? मलाही आधी असंच वाटायचं. मग २०२३ आलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यात जुन्या नोंदी शोधायचं काम निघालं आणि अचानक सगळ्यांना कळलं की कागद आहेत, पण वाचणारे नाहीत. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे कागद मोडीत आणि उर्दूत. गावागावात लोक पणजोबाचं नाव शोधायला लागले. कुठल्या बाजूचं बरोबर, हा वाद मी इथे काढत नाही. पण रजिस्टरमधला एक शब्द कसा वाचला जातो यावर एखाद्या पोराचा दाखला, त्याची फी, त्याची अॅडमिशन लटकलेली असू शकते, हे आपण सगळ्यांनी बघितलं. त्या शब्दाच्या बाबतीत अंदाज पुरत नाही, तो नीट वाचावाच लागतो.

आमच्या घरी आजोबांची पत्र्याची पेटी आहे. त्यात पिवळे पडलेले कागद. लहानपणापासून आजीने एकच सांगितलंय, जमिनीचे कागद आहेत, हात लावायचा नाही. राजवाड्यांना दारातून परत पाठवणाऱ्या घरांबद्दल वाचत होते तेव्हा मला हीच पेटी आठवली. त्या घरांत आमचंही एक घर असू शकलं असतं. गेल्या दिवाळीत मी आजीला समजावून पेटी उघडली. वरच्या दोन घड्या वाळवीने खाल्लेल्या. खालच्या शाबूत. त्यांचे मी फोनवर फोटो काढले आणि कागद कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवले. आडवी रेघ, तिला लटकलेली अक्षरं. एक शब्दही वाचता आला नाही. शब्दांच्या गेममध्ये ८३ दिवसांची स्ट्रीक मिरवणारी मी, माझ्याच पणजोबाच्या कागदासमोर अडाणी!

आता शिकतेय. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, पुस्तकंही मिळतात. मुळाक्षरं ओळखायला फार दिवस लागत नाहीत. खरा वेळ जातो तो सरावात. मी रोज फक्त एक ओळ घेते. एक ओळ, सहा प्रयत्न. वाचलेलं लिहून ठेवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते. जिथे शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाकते. आधी हे प्रश्नचिन्ह टाकायला लाज वाटायची. आता वाटत नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे आपला पिवळा चौकोन.

रोजचा गेम सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. मीही सोडलेला नाही, नवी स्ट्रीक २६ वर आहे. त्याने एक सवय लागते, अंदाज बांधायचा, तपासायचा, चुकला की मुकाट्याने मागे यायचं. राजवाड्यांकडून घ्यायचं तर ते हेच, आणि त्यांच्या चुकांवरून शिकायचं तेही हेच. फक्त ती सवय फोनमध्येच संपू देऊ नका.

या सुट्टीत गावी गेलात की आजीला, आजोबांना विचारा, घरात एखादी जुनी पेटी आहे का. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. राजवाडे असेच विचारत फिरले होते, आणि कितीदा तरी रिकाम्या हाताने परतले होते. पेटी सापडली, तर ती उघडायला तुम्हाला फक्त सहा नाही, हव्या तितक्या संधी आहेत. अट एकच, वाळवीच्या आधी पोचायचं.